तुमच्या जादूच्या गावात मेलेलं ढोर कोण ओढतं?

जग बनवण्याचा धंदा आपल्याकडं फार जुना आहे. पुरुषसूक्तवाल्यानं एक जग बनवलं. तोंडातून ब्राह्मण काढला, हातातून राजन्य, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. चार रकाने भरले आणि वही मिटली. आपण त्या वहीत नाही. पायाच्या रकान्यातसुद्धा नाही. ज्यानं जग रचलं त्यानंच शिरगणती केली, आणि गणतीत ज्याला धरलं नाही त्याला वेशीबाहेरची जागा दाखवली. एवढं डोक्यात पक्कं ठेवा. पुढचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

आता जग बनवणारे नवे लोक आलेत. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण जग रचतो. त्यात गावं, किल्ले, जंगलं, राजे, राक्षस. बाकीचे सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं न्यायची. शिमग्याच्या सोंगासारखंच, फक्त तोंडाला रंग नाही, हातात कागद-पेन्सिल. पुढं कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर याच घाटाचे खेळ निघाले. दादर-गिरगावची पोरं ते खेळतात. परळ-लालबागची खेळतात. आपलीही खेळतात. नायगावच्या चाळीतल्या पोराच्या खिशातल्या मोबाइलमध्ये एल्फ आहे, ऑर्क आहे, राक्षस आहे.

तुमच्यातले काही लगेच म्हणतील, अॅट्रॉसिटीच्या केसी पडून आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या लटकल्यात, आणि हा बेकार गडी फासे घेऊन बसला. म्हणा. मी गिरणीतला माणूस आहे. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि आमच्या खात्यातले साचे थांबले ते थांबलेच. तेव्हा रिकाम्या पोटाचं मला कुणी शिकवू नये. पण मला सांगा, कीर्तन काय होतं? पुराण काय होतं? रात्रीचा खेळच होता ना? त्या खेळातून आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यात कोण देव आणि कोण दैत्य ते बसलं. तलवारीनं जेवढं राज्य झालं नसेल तेवढं गोष्टीनं झालं. भीमराव कर्डकांना हे कळलं होतं म्हणून त्यांनी जलसे उभे केले. अण्णाभाऊंना कळलं होतं म्हणून त्यांनी तमाशातल्या गणाचं तोंड देवाकडून कष्टकऱ्याकडं फिरवलं आणि गवळण काढून टाकली. दोघांपैकी कुणी म्हणालं नाही की तमाशा म्हणजे पोराटोरांचा खेळ, सोडून द्या. त्यांनी खेळातली माणसं बदलली. तोच प्रश्न आज नव्या खेळाला विचारायचा. तुझ्या जगात माणसं कोण? किती? कुठं राहतात? पाणी कुठलं पितात?

आधी परक्यांचं बघू, मग घरच्यांकडं येतो.

१९७७ साली या खेळाचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' निघालं. राक्षसांची शिरगणतीच ती. प्रत्येक जातीच्या पुढं संख्या, ताकद, अक्कल आणि स्वभाव. ऑर्क किती आढळतात? तीस ते तीनशे. स्वभाव? दुष्ट. एखादा ऑर्क दुष्ट असं नाही, अख्खी जातच दुष्ट, पोटातून येतानाच. त्याच पुस्तकात आपला राक्षसही आहे. वाघाचं तोंड, अंगात उंची कोट, हातात चिलीम, आणि मूळ मुलूख भारत. म्हणजे बामणानं केलेला माल त्यांनी तसाच आयात केला, जकातही भरली नाही. त्याच सुमाराला गायगॅक्सनं लिहिलेल्या एका मोहिमेच्या पुस्तिकेत गुहाच गुहा आहेत. हरेक गुहेत एक जमात, आणि इतके नर, इतक्या माद्या, इतकी पिल्लं असा चोख हिशोब. खेळणाऱ्यांचं काम काय, तर गुहेत शिरायचं, मारायचं आणि सोनं घेऊन यायचं. मग खेळणाऱ्यांनाच प्रश्न पडला की पिल्लांचं काय करायचं? २००५ साली गायगॅक्सला असंच विचारलं गेलं तेव्हा त्यानं कर्नल शिव्हिंग्टनचं बोलणं इथं लागू पडतं असं उत्तर दिलं. हा शिव्हिंग्टन कोण? १८६४ साली कोलोरॅडोत सँड क्रीकला ज्यानं शायेन आणि अरापाहो लोकांची कत्तल केली तो. मेले त्यात बायका, पोरं आणि म्हातारेच जास्त. पोरं का मारायची याचं त्याच्या नावावरचं कारण असं, की लिखा ठेवल्या तर उवा होतात.

बघा, खेळ कुठून निघाला आणि कुठं पोचला. आधी रकान्यात 'जन्मतः दुष्ट' असं लिहायचं. मग पिल्लू मारताना हात थरथरत नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? १८७१ साली इंग्रजानं कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोर पाळण्यात, पण सरकारदरबारी गुन्हेगार. सोलापूरला अशा लोकांना तारेच्या कुंपणात घालून वसवलं. तिथली माणसं गिरणीत राबायची आणि हजेरी द्यायला परत कुंपणात यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पोलिसाच्या डोक्यातून तो गेला का, ते कुठल्याही पारध्याला विचारा. मॉन्स्टर मॅन्युअलमधला दुष्टपणाचा रकाना आणि या कायद्यातला रकाना एकच आहे. एक फाशांनी खेळायचा, दुसरा काठीनं.

यावर ते लोक म्हणतील की आम्ही सुधारलो. खरं आहे. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर काळे लोक रस्त्यावर आले, तेव्हा या खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं की ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्रो एल्फ यांना यापुढं सरसकट दुष्ट दाखवणार नाही. २०२२ च्या डिसेंबरात 'वंश' हा शब्दच काढायचं ठरलं. २०२४ च्या नव्या पुस्तकात त्या जागी 'प्रजाती' आली. आधी काय होतं? २००० सालच्या नियमांत अर्धा-ऑर्क घेतला की ताकद दोननं वाढायची, अक्कल दोननं कमी व्हायची. जन्माबरोबर गुण चिकटलेले. हे आपण कुठंतरी वाचलंय ना? गीता-मनुस्मृती वाचणाऱ्यांनी तर नक्कीच वाचलंय. आता नव्या नियमांत ते गुण जन्मावरून काढून पूर्वायुष्यावर नेलेत. पूर्वी कोण होतास, शेतकरी, शिपाई, साधू, त्यावर ताकद-अक्कल ठरते.

टाळ्या वाजवायच्या आधी थांबा. हाही माल आपल्या ओळखीचा आहे. वर्ण जन्मावर नको, गुणकर्मावर असू द्या, म्हणजे चातुर्वर्ण्य चांगलं, असं आर्यसमाजी सांगायचे. १९३६ साली बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनाचं भाषण जातपात तोडक मंडळानं होऊ दिलं नाही. ते त्यांनी छापून काढलं आणि त्यात या गुणकर्माच्या वर्णाची चिरफाड केली. माणसांची चारच खोकी करता येत नाहीत, आणि केली तर ती टिकवायला दंडा लागतो. म्हणजे खोक्यावरची चिठ्ठी बदलून भागत नाही. अमेरिकेतल्या पोराला निदान सोंग निवडायची मोकळीक आहे, तेवढं त्या खेळाला मान्य करू. आपल्या बापाला कुणी विचारलं होतं, बाबा रे, पूर्वायुष्य कुठलं घेतोस?

दुसरं भांडण रंगाचं. २०२२ साली टॉल्किनच्या जगावर 'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिका आली. तिच्यात एक एल्फ सावळा आणि बुटक्यांची राजकन्या काळी. केवढा गहजब झाला! म्हणे जुन्या युरोपात काळी माणसं कुठं होती, हे वास्तवाला धरून नाही. ड्रॅगन उडतो ते चालतं. अंगठी घातली की माणूस दिसेनासा होतो तेही चालतं. काळी बाई दिसली की मात्र वास्तव आठवतं. आणि टॉल्किननं स्वतः १९५८ च्या एका पत्रात ऑर्कचं रूप सांगताना मंगोल चेहऱ्याची बिघडलेली नक्कल असं वर्णन केलंय. म्हणजे राक्षस करताना परका चेहरा चालतो, राजकन्या करताना चालत नाही.

हाच वास्तवाचा दाखला आपल्याकडचे पांढरपेशे जगकर्तेही देतात. सह्याद्री, किल्ले, मावळे, सगळे एका साच्याचे, एका नाकाचे. त्यांना आपला इतिहास तरी माहीत आहे का? मलिक अंबर हबशी होता, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला. त्यानं निजामशाही चालवली आणि १६१० साली खडकी वसवली. जंजिऱ्याचं सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं. १६८९ साली सिद्दी याकूत मुंबईवर चालून आला, त्यानं माझगाव घेतलं, आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. आपण जिथं पोस्टरं चिकटवत हिंडतो तिथंच हे सगळं घडलं. अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल. कामाठीपुऱ्याला नाव देणारे तेलंगी कामाठी. माझगावच्या गोदीमागं चिनी खलाशांचं देऊळ अजून उभं आहे. जुनं जग एकरंगी होतं म्हणणाऱ्यानं एकदा भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभं राहावं.

लोकसंख्या कुणाच्या लहरीनं बनत नाही. १८६४ च्या गणतीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं होती. १८७२ च्या गणतीत ६ लाख ४४ हजार. ही माणसं कुठं गेली? तिकडं अमेरिकेत काळ्यांच्या गुलामीवरून पेटलेलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला, इकडं भाव कोसळला आणि माणसं आली तशी निघून गेली. मग गिरण्यांचे भोंगे वाढले तशी रत्नागिरी-साताऱ्याची माणसं आली. त्यात आपलेही होते. बोट, दुष्काळ, भाव, भोंगा आणि गुलामी, यांनी माणूस इकडून तिकडं ओढला जातो. जो जग रचतो त्याला हे माहीत नसेल तर त्यानं नकाशा काढू नये, रांगोळी काढावी.

पण दोस्तहो, इथंच आपल्याला अमेरिकेपेक्षा दोन पावलं पुढं जायचंय. तिथं प्रश्न कातडीचा आहे. चित्रात दोन काळे, दोन पिवळे, दोन गोरे बसवले की पांढरपेशा म्हणतो, झाली विविधता. आपल्याकडं त्यानं काहीच होत नाही. साच्यावर उभा असलेला मराठा आणि त्रासनखात्यातला महार शेजारी उभे करा आणि कातडीवरून ओळखून दाखवा. नाही ओळखता येत. तरी मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचं दार आपल्याला बंद होतं. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. एकाच्या थुंकीनं दुसरा बाटतो. आणि साच्यावर पगार जास्त. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यापुढं ठेवला तो याचसाठी. एका छपराखाली, एका भोंग्याला, एका मालकाचे नोकर, पण पाणी वेगळं आणि खातं वेगळं. हे कुठल्या रंगाच्या डबीनं दाखवणार?

मागं एकदा दादरला अशा एका टेबलावर मी बसलो होतो. जग रचणारा पोरगा हुशार आणि मनानं वाईट नव्हता. त्यानं सह्याद्रीवर बेतलेलं जग केलं होतं. मानव, गंधर्व, वानर, राक्षस अशा चार जाती. गावाचा कागद माझ्यापुढं सरकवला. वस्ती चारशे. पाटील, पुजारी, सावकार, लोहार, सुतार, कुंभार, चांभार. आकडे कुठून आणले विचारलं तर म्हणाला, एस. जॉन रॉस नावाच्या अमेरिकनानं १९९३ साली असा तक्ता केलाय, दीडशे माणसांमागं एक चांभार धरायचा. मी म्हटलं, ठीक आहे, चारशेला दोन-तीन चांभार झाले. कातडं कुठून येतं?

तो म्हणाला, "कुठून म्हणजे? जनावराचं."

"जनावर मेलं की ओढतं कोण? सोलतं कोण?"

टेबलावर शांतता. मग एकजण हसला. "अरे, जादूनं नाहीसं होतं!" सगळे हसले. जग रचणारा म्हणाला, "हे बघ, ही फँटसी आहे. इथं कशाला जात आणतोस?"

मी म्हटलं, "मी कुठं आणली? पुजारी तू आणलास. पाटील तू आणलास. सावकार आणलास. जात तर तू अख्खी आणलीस, फक्त तिच्या खालचं काढून टाकलंस."

नंतर त्या टेबलाचं बोलावणं आलं नाही. त्याचं मला काही नाही. पण ते 'जादूनं नाहीसं होतं' माझ्या डोक्यातून जात नाही. पांढरपेशाच्या वास्तवातही तसंच आहे की! संडास जादूनं साफ होतो. गटार जादूनं मोकळं होतं. गटारात माणूस गुदमरून मरतो तोही पेपरातून जादूनं नाहीसा होतो. ती जादू म्हणजे आपण. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्याचं मांस सोडा, हे हलकं जिणं सोडा म्हणून सांगितलं आणि गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं थांबवलं. तेव्हा गावाला वास आला. तेव्हा कळलं की जादू कोण करत होतं. मग त्या जादूगारांवर गावानं बहिष्कार घातला.

अण्णाभाऊंनी १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनात, इथंच नायगाव-दादरला, सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी नाही, ती दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. जग रचणाऱ्या प्रत्येकाला हा पहिला नियम लागू करा. शेष ठेवायचा तर ठेवा. पण हात दाखवा.

आता घरचा खेळ. २०२० साली पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा कॉम्प्युटर गेम काढला. जुना भारत, सुंदर महाल, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. चांगल्याला चांगलं म्हणू. नायिका राजकन्या नाही. सर्कशीत कसरती करणारी अनाथ पोर आहे, भावाला शोधायला निघालेली. आपल्याकडं दोरावर कोण चालतं? डोंबाऱ्याची पोर, कोल्हाट्याची पोर. म्हणजे इथवर आलेत. पण पुढं? तिला शस्त्र देते दुर्गा, तिची गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि पोरं पळवणारा दुष्ट कोण? महाबलासुर. नाव ऐकल्यावर तुम्हाला कोण आठवला? मलाही तोच आठवला. इडा-पिडा टळो म्हणत आपल्या आया ज्याचं राज्य मागतात तो बळी. निर्मात्यांच्या मनात तो होता की नव्हता हा माझा सवालच नाही. गोष्टीचा साचा एवढा जुना झालाय की मनात यायचीही गरज उरली नाही. दोरावरची पोर देवाच्या हुकमानं त्रिशूळ घेऊन कुणावर चालून जाते बघा. तिच्याच नात्यातल्यावर. आणि त्या महालांतून माणसांची वस्तीच दिसत नाही. वर देवांचे आवाज, खाली असुर, मधे एकटी पोर. पाणी भरणारी बाई नाही, वेशीवर रात्र काढणारा महार नाही, झाडणारा नाही.

जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी'त हाच खेळ उलटा फिरवला होता. दशावताराची सगळी जादू काढून घेतली आणि विचारलं, यातला दैत्य म्हणजे कोण रे? बळी हा राजा, म्हसोबा-खंडोबा त्याचे अंमलदार, आणि वामन बाहेरून आलेला. म्हैषासुर म्हणून जो मारला तोच आपल्या बांधावर म्हसोबा होऊन शेंदूर लावून बसलाय. दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आजूबाजूची अशी ठाणी पायी हिंडून पाहिली आणि १९६२ च्या पुस्तकात त्यांची गणती मांडली. कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो, अंगभर काळा, लाल जीभ बाहेर. लालबागच्या मैदानात कोकणी कामगारांनी तो वर्षानुवर्षं नाचवला. त्याचा गुन्हा काय? वेद पळवले. म्हणजे पुस्तक हातात घेतलं. त्याबद्दल देवानं माशाचा अवतार घेऊन त्याला मारलं. एका पुस्तकासाठी एवढा मोठा मासा!

यावरून आपल्यातले काही तरणे गडी म्हणतात, मग बास, आपणच राक्षस, आपणच मूळचे, आपलं रक्त वेगळं, त्यांचं वेगळं. खेळातही राक्षसाचं सोंग घ्यायचं आणि देवांना कापत सुटायचं. भावांनो, राग मला कळतो. एक रात्र तसं खेळून बघा, मजा येईल. पण तिथंच बसू नका. जोतिबांनी त्या काळचं विलायती आर्यमत उचललं आणि बामणाच्याच छातीवर रोखलं, ते त्या वेळचं हत्यार होतं. बाबासाहेबांनी पुढं जाऊन ते मत तपासलं. १९४६ ला शूद्रांवरचं आणि १९४८ ला अस्पृश्यांवरचं पुस्तक उघडा. नाकांच्या मापांचे तक्ते तपासून त्यांनी सांगितलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत. जात रक्तात नाही. ती रचली गेली आहे, म्हणून ती मोडता येते. आपण जर म्हणालो की आमचं रक्तच निराळं, तर आपण मॉन्स्टर मॅन्युअलच्या त्या पानावर स्वतःच सही केली. रकाना त्यांचा, अंगठा आपला. शत्रूला याहून स्वस्त काय मिळणार?

आणि एक गोष्ट कुठल्याच जगकर्त्याला सुचलेली नाही. त्यांच्या खेळात ऑर्क मरेपर्यंत ऑर्क राहतो. आपल्याकडं काय झालं? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ च्या जनगणनेत ते झाले २७ लाख ८९ हजार. मधे १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर आहे. लाखो माणसांनी दुसऱ्यानं लिहिलेला रकाना खोडला आणि स्वतःच्या हातानं नवीन लिहिला. ड्रॅगन नाही, अंगठी नाही, फासा नाही. पांढरी वस्त्रं आणि बावीस प्रतिज्ञा. लोकसंख्येचा कागद असा पालटताना कुठल्या फँटसीत कुणी दाखवलंय? दाखवणार कसा? त्यांच्या जगात माणूस रकान्यातून बाहेर पडायची वाटच ठेवलेली नाही. ती वाट आपल्याला माहीत आहे, कारण आपले आजे-पणजे तिच्यावरून चालत गेले.

म्हणून रडत बसू नका आणि बहिष्कारही घालू नका. जग रचायला बसा. चाळीच्या गच्चीवर बसा, वाचनालयात बसा, विहाराच्या ओट्यावर बसा. चार माणसं, एक वही आणि ल्युडोचा फासा पुरे. पोरींना सोंगापुरतं बोलावू नका, जग रचायला बसवा. त्यांच्याइतकं पाण्याच्या वाटेचं ज्ञान कुणाला नाही. आणि माझ्याकडून हे काही नियम, पटले तर घ्या.

गाव काढलंत की आधी पाणवठा काढा, आणि तिथं कुणाला मनाई आहे ते लिहा. मग देऊळ काढा. पुजारी लिहिलात तर झाडूवाला लिहा, राजा लिहिलात तर वेठबिगार लिहा, त्याशिवाय आकड्याची बेरीज करू नका. जन्मानं दुष्ट आणि जन्मानं शहाणा कुणी नाही. ज्याला राक्षस म्हणता त्याची भाषा, त्याची गाणी, त्याची बाजू लिहा, मग हवं तर लढा. आपल्या माणसाला नुसता मार खाणारा दाखवू नका. तो गवंडी आहे, वाजंत्री आहे, शाहीर आहे, वेशीचा राखणदार आहे, आणि उद्या त्याच गावाची घटना लिहिणारा आहे. आणि प्रत्येक जगात एक नागपूर ठेवा, जिथं माणूस आपलं नाव आपण बदलू शकेल.

३० एप्रिल २०२५ ला दिल्लीच्या सरकारनं जाहीर केलं की येत्या जनगणनेत जात मोजणार. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेत आलेले नाहीत. प्रगणक दारात येईल तेव्हा आपला रकाना आपण डोळ्यांनी बघून भरून घ्यायचा, पेन्सिलीनं लिहू द्यायचं नाही. तीच नजर खेळात ठेवा, सिनेमात ठेवा, पोराच्या मोबाइलवर ठेवा. कुणी नवीन जग घेऊन आला, कितीही सुंदर असू दे, त्याला पहिला सवाल घाला. तुझ्या गावात ढोर मेलं की ओढतं कोण? तो जादूचं नाव सांगू लागला तर वही त्याच्या हातातून काढून घ्या. आणि आपण लिहायला लागा.

जय भीम.